ओरडायचं राहून गेलं

गुरुवार, रात्री उशिरा

सानू झोपली, मंदारही झोपला. मी अजून तो फोटो बघत बसलेय.

आज दिवसभर न्यू जर्सीतल्या जॅक्सनला, अम्यूझमेंट पार्कात होतो, ग्रेट अ‍ॅडव्हेंचरमध्ये. तक्रार करावी असं काहीच घडलं नाही. ऊन बेताचं, गर्दी बेताची, सानू खूश. तरी झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की मंदारला सांगायचीही लाज वाटली. तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरवरून उतरल्यावर बाहेर फोटोंचं काउंटर लागतं. नायट्रोत एका रांगेत चौघं बसतात. आमच्या रांगेतल्या फोटोत दोन कॉलेजची पोरं हात वर करून किंचाळतायत. सानूचे डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, वेणी हवेत. आणि कडेला मी. ओठ मिटलेले, भुवया जरा जवळ आलेल्या, नजर खाली रुळावर. काहीतरी तपासायला आल्यासारखी.

सानू हसून हसून वाकली. "मावशी, तू होतीस ना गं आमच्याबरोबर?"

मग हट्टाने तो फोटो विकत घ्यायला लावला. आजीला दाखवणार म्हणे.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला अगदी नीट आठवतंय, हाच त्रास आहे. चाकांची थरथर गेल्या खेपेपेक्षा वाढलीय का, आणि मधल्या ब्रेकने आज गाडी जास्तच आवळली का, हे चाललं होतं. २३० फुटांवरून ताशी १२९ किलोमीटरने खाली येताना बाई ब्रेकचा विचार करतेय. पूर्वी मी असल्या उतारावर काय ओरडायचे! आईचं नाव, देवांची नावं, कधीकधी शिव्यासुद्धा. हे कधी थांबलं? कोणी सांगितलंही नाही. मागे बसणाऱ्या माणसांच्या लक्षात आलं असेल का?

परतताना गाडीत सानूने विचारलं, सगळ्यात ओव्हररेटेड पार्क कुठलं आणि सगळ्यात अंडररेटेड कुठलं. बस्स. जॅक्सनपासून एडिसनच्या घरापर्यंत माझी जीभ थांबली नाही. मंदारने रेडिओचा आवाज हळूच वाढवला तेही मी पाहिलं, तरी थांबले नाही. आता वाटतंय, या बाबतीत माझा घसा अजून शाबूत आहे. फक्त खाली उतरल्यावर.

ओव्हररेटेडमध्ये पहिला नंबर अर्थातच डिस्नीचा. फ्लोरिडातला स्पेस माउंटन १९७५ सालापासून चालू आहे आणि त्याचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या वेगाने मी गाडी घेऊन कोथिंबीर आणायला जाते. सगळी करामत अंधाराची. पुढे काय आहे ते दिसत नाही म्हणून पोटात गोळा येतो. त्यांचा तो एव्हरेस्ट नावाचा कोस्टर २००६ साली उघडला, आतला अजस्र यती काही महिन्यांतच हलायचा बंद झाला, आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर दिवे उघडझाप करून तो हलतोय असं भासवत आले. रांग टाळायचे पैसे वेगळे. हे सगळं सांगून झाल्यावर सानू म्हणाली, "पण मावशी, अंधारात मजा येते ना?" येते. रांगेचं शेपूट कुठे संपतं हे माणसाला कळू न देण्यात तर त्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. तीही एक कला आहे. पण माझ्या यादीत वर यायला ती पुरेशी नाही, असं मी ठणकावून सांगितलं. का, ते आता आठवत नाही.

दुसरा नंबर जॅक्सनच्याच किंग्डा काचा. सानूला तो बघायचाच होता. अर्थात तिथे आता काही नाही. १३९ मीटर उंच, साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर, तेव्हाचा जगातला सगळ्यात उंच रोलर कोस्टर. वर जाऊन सरळ खाली. अर्ध्या मिनिटात खेळ खलास. त्यासाठी तासन् तास उभं राहायचं, आणि मग वारा आला म्हणून बंद, पाऊस आला म्हणून बंद. २००५ पासून तो तिथे होता आणि भेटेल त्याला मी सांगत आले, की हा नुसता आकडा आहे, याला कोस्टर म्हणू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये निरोपाचा एक दिवसही जाहीर न करता तो बंद केला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून पाडला. व्हिडिओ मी ऑफिसात पाहिला. मनोरा एका बाजूला कलला आणि… जाऊ दे. माझं मत बदललेलं नाही. ओव्हररेटेडच होता तो.

पण त्यावर मी ओरडले होते. शेवटपर्यंत ओरडले होते. गाडी सुटायच्या आधीचे ते दोन सेकंद, सगळं गप्प आणि आपण रुळाकडे बघत बसलेलो. तिथे मत वगैरे काही सुचायचंच नाही.

म्हणजे मग काय? ज्याला नावं ठेवली त्याने ओरडायला लावलं आणि ज्या नायट्रोचं पंचवीस लोकांपुढे कौतुक केलं, त्याच्यावर मी ब्रेक तपासत बसले?

मान दुखतेय. एल टोरोवरून उतरल्यापासून दुखतेय. लाकडी असूनही लोण्यासारखा चालतो, असं मीच सगळ्यांना सांगत आले. कारखान्यात यंत्राने कापलेली लाकडं, उतार जवळजवळ उभा, ७६ अंशांचा. आज पहिल्यांदा वाटलं की जरा खडबडीत झालाय. आणि लगेच दुसरा विचार आला, तो खडबडीत झालाय का मी? हल्ली माझी कितीतरी मतं संध्याकाळी मानेवरून ठरतात की काय कोण जाणे. 'हा कोस्टर पूर्वीसारखा राहिला नाही' हे वाक्य मी वरचेवर बोलायला लागलेय. आमच्याकडे आंबे, नाटकं आणि पुण्याची हवा यांच्याबद्दल सगळे असंच बोलतात, आणि बोलणारे सगळे पन्नाशीच्या आसपासचे असतात.

सानूला खोपोलीच्या इमॅजिका पार्कातला नायट्रो जास्त आवडतो. हे तिने एडिसनच्या सिग्नलला शांतपणे जाहीर केलं. मी आधी हसले. मग हसू नये असं वाटलं, कारण पोरीचं म्हणणं बिनबुडाचं नाही. दोन्ही नायट्रो एकाच स्विस घराण्याचे, बोलिगर आणि माबियार यांचे. जर्सीचा २००१ सालचा, आडव्या पसरलेल्या टेकड्यांचा. एकदाही उलटं करत नाही, फक्त सीटवरून अलगद उचलतो आणि परत ठेवतो. खोपोलीचा २०१३ चा. उंची साधारण ४० मीटर, वेग ताशी १०५ च्या घरात, पण पायाखाली जमीनच नाही आणि पाच वेळा उलटंपालटं. शिवाय वर चढताना आजूबाजूला सह्याद्री. जॅक्सनला वर गेलं की झाडं आणि पार्किंग दिसतं. इथल्या शौकिनांना इमॅजिकाचं नाव सांगितलं की ते सौजन्याने मान हलवतात आणि पुन्हा ओहायोतल्या पार्कांवर येतात. अंडररेटेड म्हणायचं तर हेच म्हणायला हवं. मी स्वतः ते यादीत कधी घातलं नाही. त्याचं कारण मला ठाऊक आहे, आज लिहीत नाही.

एस्सेलवर्ल्डचं तर कोणी विचारलंच नाही. १९८९ ला उघडलं, २०२२ ला बंद झालं, सानूला ते फक्त आईच्या गप्पांमधून माहीत. गोराईची बोट, खाडीचा वास, आणि नाना खाली पिशव्या सांभाळत उभे. ते कधीच बसले नाहीत कशात. आम्ही वरून ओरडायचो ते खरं म्हणजे त्यांनी वर बघावं म्हणून. ते बघायचे. त्या पार्कला मी ओव्हररेटेडही म्हणणार नाही आणि अंडररेटेडही. असो.

चहा करून आले. दूध नासलेलं निघालं, काळाच प्यायला.

मघाशी आत्याची आठवण झाली आणि एकदम बरं वाटलं. आत्या सवाईला जायची तेव्हा चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. मागचे लोक वाहवा करायचे, टाळ्या वाजवायचे, ही दगडासारखी बसलेली. घरी आल्यावर मात्र कोणाचा षड्ज कुठे उतरला, तबला कुठे घाईत होता, सगळं तासभर ऐकावं लागायचं. नाना म्हणायचे, हिला गाणं आवडतच नाही, हिला चुका आवडतात. आत्या म्हणायची, तुला काय कळतंय. आता मी आत्या झालेय, एवढाच काय तो प्रकार. फक्त आत्या निदान तिकीट काढून ओरडण्याच्या ठिकाणी जात नव्हती.

आणि ब्रेककडे लक्ष जातं त्यात वाईट तरी काय? मला ते कळतं म्हणून जातं. टेकडीच्या माथ्यावरून गाडी जाते तेव्हा रूळ खाली वळतो आणि आपलं शरीर मात्र पुढेच जायला बघतं, म्हणून सीट सुटते. तो एअरटाइम. टेकडीचा आकार बरोबर असेल तर ७८ फुटांचं लाकूडसुद्धा किंग्डा काच्या ४५६ फुटांच्या पोलादाला भारी पडतं. मागच्या डब्यात जास्त मिळतो, कारण पुढचे डबे आधीच खाली निघालेले असतात आणि ते शेवटच्याला माथ्यावरून ओढून घेतात. हे कळायला लागल्यापासून मजा कमी झाली असं मी संध्याकाळपासून धरून चालले होते. कमी झाली की वेगळी झाली, ते आज रात्री ठरणार नाही.

७८ फूट म्हणजे फीनिक्स. माझं अंडररेटेडचं उत्तर पहिल्यापासून तेच आहे, गाडीतही तेच दिलं, फक्त तोवर सानूला डुलकी लागली होती. पेनसिल्व्हेनियात एलिसबर्गला झाडांच्या गर्दीत कनोबेल्स नावाचं पार्क आहे. १९२६ पासून एकाच कुटुंबाचं. आत जायला पैसे नाहीत, गाडी लावायला पैसे नाहीत. जत्रेत पाळण्याला देतो तसे ज्या खेळात बसाल त्याचे पैसे द्यायचे. आजीला बाकावर बसवून आइस्क्रीम दिलं तर तिला तिकिटाचा भुर्दंड नाही. नानांना आवडलं असतं. मधून ओढा वाहतो, लोक कुत्री घेऊन येतात, बाहेरचा डबा चालतो. फ्लोरिडाला जाऊन आलेले आमचे लोक याचं नावही घेत नाहीत, कारण तिथून कोणी कानवाली टोपी आणत नाही.

आणि फीनिक्सची कहाणी. तो मूळचा टेक्सासचा, सॅन अँटोनियोत १९४७ च्या सुमारास बांधलेला, तेव्हाचं नाव रॉकेट. ते पार्क १९८० मध्ये बंद पडलं. कनोबेल्सवाल्यांनी तो विकत घेतला तेव्हा मूळ नकाशे मिळेनात. मग एकेक फळी नंबर घालून सोडवली, ट्रकांवर लादून देशाच्या दुसऱ्या टोकाला आणली आणि १९८५ मध्ये परत उभी केली. वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे काहीच नाही. पण मांडीवरचा दांडा सैल. तो तुम्हाला आवळत नाही, फक्त बाहेर पडू देत नाही, आणि त्या दोघांच्या मधल्या वीतभर जागेत सगळी मजा आहे. शेवटच्या छोट्या टेकड्यांवर बूड सीटला टेकत नाही. जाणकारांच्या मतदानात २०१८ पासून अनेकदा लाकडी कोस्टरांमध्ये पहिला आलाय, तेव्हा त्याला अंडररेटेड तरी कसं म्हणायचं, असं मंदारचं म्हणणं. तो झोपेतही वाद घालू शकतो. म्हणजे मतदान करणाऱ्यांच्यात नाही रे, एडिसनमध्ये.

फीनिक्सवर मी ओरडते का? आठवायचा प्रयत्न करतेय. ओरडत नसेन. हसते मात्र, मोठ्याने, अगदी बावळटासारखी, आणि उतरल्यावरही थोडा वेळ हसत राहते. मंदार साक्षीदार आहे. त्याचा फोटो माझ्याकडे नाही, आणि असता तर तोही सानूने आजीला पाठवला असता.

शनिवारी तिकडेच जायचं ठरवून टाकलंय. सानूला अजून सांगितलं नाही, तिला न्यूयॉर्कची बोट हवी आहे. तीन तासांचा रस्ता आहे, तेव्हा धपाटे आणि लसणीची चटणी उद्याच करून ठेवावी लागेल. मानेला लावायचं मलम संपलंय, तेही आणायचं. आणि तिला आधीच बजावून ठेवणार आहे: फीनिक्सवर शेवटच्याच डब्यात बसायचं, आणि संध्याकाळी, चाकं तापून गाडी पळायला लागली की. सकाळच्या पहिल्या फेरीवरून बनवलेलं मत मी ऐकून घेणार नाही. मग खोपोलीशी खुशाल तुलना करू दे.