नानांचा खांदा

आज नानांना निफाडहून नाशिकला आणलं, फिजिओथेरपिस्टकडे. ऑक्टोबर छाटणीपासून उजवा खांदा धरलाय. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसदिवस हात वर करून कात्री चालवायची, तेही चाळीस वर्षं. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, सदऱ्याच्या बाहीत हात घालताना डोळ्यांत पाणी. बोलले मात्र कधीच नाहीत. आईने सांगितलं म्हणून कळलं.

नानांच्या मते हात गळ्यात बांधला की बरा होईल. फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, "काका, तसं केलंत तर खांदा आखडेल." डावा हात टेबलाला टेकून वाकवलं आणि उजवा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा सैल झुलवायला लावला. मग भिंतीवर बोटं चालवत जमेल तितकं वर. व्यायामात थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर व्यायाम कमी करायचा, सोडायचा नाही. हे मला फार पटलं. आपण दुखलं की थेट बंदच करतो.

बागेत भक्कम चौरंगावर उभं राहायचं, म्हणजे कोपर खांद्याच्या वर जात नाही. कात्रीला रोज धार. मध्येमध्ये हात खाली. मजुरांनाही हेच सांगायला हवं, त्यांचे खांदे कोण बघतं?

संध्याकाळी ओसरीच्या भिंतीवर नानांची बोटं जिथवर पोचली, तिथे माझ्या मुलीने पेन्सिलीने रेघ मारली. शेजारी आजची तारीख.