गांधीजींना नोबेल कुणी नाकारलं?

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये शाळेच्या मुलांना घेऊन गेले की कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या समाधीपाशी सोबतचे पालक हमखास विचारतात, "मॅडम, गांधीजींना नोबेल इंग्रजांनीच मिळू दिलं नाही ना?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजांच्या दडपणाचा मागमूस ओस्लोच्या नोबेल समितीच्या कागदपत्रांत सापडत नाही. शांततेचं नोबेल ठरवते नॉर्वेच्या संसदेनं नेमलेली पाच जणांची समिती. बाकीची नोबेलं स्वीडनची. गांधीजींचं नाव या समितीपुढे १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८ असं पाच वेळा आलं. पहिल्यांदा ते नॉर्वेच्याच एका खासदारानं सुचवलं होतं. १९४७ ला सुचवणाऱ्यांत मुंबई प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री, आपले बाळासाहेब खेर होते, पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले मावळंकर होते. त्या वर्षी दोन सदस्य गांधीजींच्या बाजूनं बोलले, उरलेल्या तिघांना ते पटलं नाही. फाळणीचा वणवा पेटलेला, त्यात प्रार्थनासभेतल्या एका भाषणाची अर्धवट बातमी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये आली: गांधींनी युद्धाचा विरोध सोडला! बातमी अपुरी असल्याचं गांधीजींनी लगेच सांगितलं, तरी शंका राहिलीच. हा माणूस शांततेचा की आधी आपल्या देशाचा, यावर समिती अडली. म्हणजे निर्णय त्या पाच जणांचा आणि चूकही त्यांचीच. इंग्रजांवर खापर फोडलं की हे पाच जण अलगद सुटतात, हे मला मान्य नाही.

'नामांकन झालं' या बातमीनं भारावून जाणाऱ्यांनाही मी हेच सांगते. कोणत्याही देशाचा खासदार, मंत्री, किंवा इतिहास, कायदा, तत्त्वज्ञान शिकवणारा प्राध्यापक नाव पाठवू शकतो. आपल्या गणेशखिंडीतल्या विद्यापीठातला इतिहासाचा प्राध्यापकसुद्धा! २०२५ साली अशी ३३८ नावं होती. १९३९ ला एका स्वीडिश खासदारानं उपरोधानं हिटलरचं नाव धाडलं आणि मग मागे घेतलं. समिती ही नावं ५० वर्षं उघड करत नाही, तेव्हा बातमी फुटते ती बहुधा सुचवणाऱ्याकडूनच.

१९४८ चा भाग सांगताना मात्र माझा आवाज चढतो. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली, नावं पाठवायची मुदत संपायला दोन दिवस होते. मरणोत्तर द्यायचा विचार समितीनं केला. पण पैसे कुणाच्या हाती द्यायचे? मृत्युपत्र नाही, गांधीजी कुठल्या संस्थेचे नाहीत. शेवटी 'योग्य हयात उमेदवार नाही' म्हणत त्या वर्षी शांततेचं नोबेल कुणालाच दिलं नाही.

"मग आता तरी द्यावं की!" असं कुणीतरी म्हणतंच. १९७४ पासूनच्या नियमानं ती वाटही बंद आहे. पुरस्कार जाहीर झाल्यावर मृत्यू आला तरच तो मरणोत्तर देता येतो.