बॉनेट अडकलं की खटका जोरात ओढू नका

इथे कॅनडात, ओंटारिओत बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पुढच्या भागात उडतं, बॉनेट बंद धरून ठेवणाऱ्या लॅचमध्ये शिरतं आणि गंज धरतो. गॅरेजची मजुरी तासावर आणि महाग, त्यामुळे जुन्या गाडीची असली कामं लोक घरासमोरच उरकतात. ठाणे-नवी मुंबईत रस्त्यावर मीठ नसतं, पण खाडीची खारी हवा, पाऊस आणि धूळ मिळून तोच परिणाम होतो. ऐरोली, कोपरी किंवा कळव्याला उघड्यावर उभ्या असलेल्या जुन्या गाडीला हा त्रास कधीही होऊ शकतो. गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत तपासणी असते, तिथे इंजिन नंबर दाखवायला बॉनेट उघडावंच लागतं.

केबिनमधला बॉनेटचा खटका ओढला आणि बॉनेट उचललं गेलं नाही, की बहुतेक जण आणखी जोर लावतात. नेमकं तिथेच बिघडतं. प्लास्टिकचा खटका मोडतो, नाहीतर खटक्यापासून लॅचपर्यंत जाणाऱ्या केबलची आतली तार टोकाशी उसवते. लॅच कोरडा असतो आणि बॉनेटचा ताण त्याच्या आकड्यावर असतो. आधी तो ताण काढा. एकाने खटका ओढून धरायचा, दुसऱ्याने लॅचच्या बरोबर वर, ग्रीलजवळ, दोन्ही तळव्यांनी बॉनेट दाबून सोडायचं. मुठीने ठोकू नका, पत्र्याला पोचा पडतो. बहुतेक वेळा बॉनेट इथेच सुटतं.

नाही सुटलं, तर खटका हाताला कसा लागतो ते पाहा. जड लागत असेल तर लॅच किंवा केबल गंजली आहे. ग्रीलच्या फटीतून लांब नळी लावून लॅचवर डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवणारा स्प्रे मारा, १५ मिनिटं थांबा आणि पुन्हा दाबून ओढा. खटका सैल, लुळा लागत असेल तर केबल तुटली आहे किंवा बाहेरचं आवरण क्लिपमधून निसटलं आहे. खटक्याचे स्क्रू काढून आतली तार शोधा. आवरण एका हाताने घट्ट धरा आणि तार पकडीने ओढा. आवरण धरलं नाही तर तारेबरोबर तेही सरकतं आणि लॅचपर्यंत ओढ पोचतच नाही. खटका मोडला असेल किंवा आवरण निसटलं असेल, तर एवढ्याने काम होतं.

तार लॅचजवळ तुटली असेल तर मात्र चिकाटी लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याच मॉडेलची गाडी असेल तर तिच्या मालकाला विनंती करून तिचं बॉनेट उघडा, लॅचची पट्टी कोणत्या बाजूला सरकते ते बघून घ्या. मग टॉर्च आणि लांब चपट्या स्क्रूड्रायव्हरने ग्रीलमधून किंवा खालून तीच पट्टी सरकवा. एसीचा कंडेन्सर लॅचच्या अगदी मागे असतो. त्याच्या जाळीला स्क्रूड्रायव्हर घुसला तर एसीचा गॅस जातो आणि साध्या केबलच्या कामाचा मोठा खर्च होतो. इंजिन थंड असू द्या, किल्ली काढून ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा फिरतो. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, गाडीखाली टेकू देणारे स्टँड हवेतच.

उघडल्यावर लगेच बंद करू नका. लॅच डिझेल किंवा डब्ल्यूडी-४० ने ब्रश मारून धुवा, पुसा आणि मग पांढरं लिथियम ग्रीस लावा. नुसतं डब्ल्यूडी-४० उडून जातं, थोड्या दिवसांत पुन्हा कोरडं. केबल बदलायची तर जुन्या केबलच्या टोकाला मजबूत दोरी बांधून ती केबिनमध्ये ओढा, त्याच दोरीने नवी केबल बाहेर आणा. फायरवॉलमधलं, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातलं रबर नीट बसवा, नाहीतर पावसात पाणी पायाशी येतं. लॅच काढायचा असेल तर त्याच्या कडेने मार्करने रेघ मारूनच बोल्ट सैल करा; बऱ्याच गाड्यांत १० चा पाना लागतो. जागा जरा हलली तरी बॉनेट पुन्हा अडकतं.

बॉनेट बंद करण्याआधी उघड्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हरची दांडी दाबा, लॅच मिटेल. आता कोणालातरी खटका ओढायला सांगा. दांडी सुटली तरच बॉनेट खाली घ्या. हे केलं नाही आणि केबल नीट बसलेली नसली, तर सगळं पहिल्यापासून. शक्य असेल तर लॅचच्या पट्टीला एक पातळ तार बांधून ग्रीलच्या मागे, बाहेरून दिसणार नाही अशी ठेवा. पुढे केबल तुटली तरी बॉनेट उघडेल. ती तार पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब बांधा. शेवटी दुसरा, सुरक्षेचा आकडा तपासा: खटका ओढल्यावर बॉनेट थोडंच वर येऊन त्या आकड्यावर अडलं पाहिजे. तो धरत नसेल तर घोडबंदर रोड किंवा पाम बीचवर गाडी नेऊ नका, आधी लॅच बदला.