तुम्ही विचारलंत म्हणून: मराठीत बोलून लिहिणं जमतं का?

"तुम्ही सगळं बोलूनच लिहिता म्हणे. मराठीत जमतं ते? आणि भाषा बिघडत नाही?" गोव्यातल्या आमच्या वाचनालयात येणारे बरेच जण हे विचारतात. बहुतेक वेळा कोकणीतून विचारतात, आणि अर्धं उत्तर तिथेच आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

जमतं. वाचनालयाची पत्रं, देवस्थानच्या उत्सव समितीचं इतिवृत्त, पंचायतीला द्यायचे अर्ज, वर्तमानपत्राला धाडायचा मजकूर, हे सगळं मी फोनपुढे बोलून लिहिते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी टायपिंग कमी करायला सांगितलं, तेव्हा सुरुवात केली. अंगठा बरा झाला तरी बोलून लिहिणं चालूच ठेवलं.

सोय साधी आहे. फोनच्या जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी भाषा घालायची आणि माइकच्या चित्रावर बोट टेकवायचं. संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडलं की टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग मिळतं. पैसे पडत नाहीत. इंग्रजी लिहिणाऱ्यांना हे फार आधी मिळालं. 1997 साली ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग आलं, तेव्हापासून घरचा संगणक सलग बोललेलं इंग्रजी उतरवून घेऊ लागला. त्याआधी प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. मराठीची पाळी 2017 च्या ऑगस्टमध्ये आली. गूगलने त्या वेळी बोलून लिहिण्यासाठी 30 नव्या भाषा घेतल्या, त्यात मराठी होती.

आता आपल्या गोव्याचं. इथे आपल्या तोंडात कोकणी आणि हातात मराठी. घरात, बाजारात, बसमध्ये कोकणी बोलायचं; पेपर मराठी, आरती मराठी, कीर्तन मराठी, लग्नाची पत्रिकाही मराठी. आपण मराठी भरपूर वाचतो, लिहितो, ऐकतो. पण साधं पत्र लिहिताना ती मोठ्याने बोलायची गरज आपल्याला कधी पडली नव्हती. माइक नेमकं तेच मागतो. नव्याने बसलेल्या माणसाचं पहिलं वाक्य मराठीत सुरू होतं आणि क्रियापदापर्यंत कोकणी होतं. फोनला तर भाषा मराठी म्हणून सांगितलेली, त्यामुळे ऐकलेला आवाज तो कुठल्या तरी मराठी शब्दात बसवतो. 'हांव फाल्यां येतां' (मी उद्या येतो) म्हणून बघा, भलतंच काहीतरी उमटेल. इथे पुष्कळ जण हात टेकतात आणि आपले उच्चार वाईट म्हणून सोडून देतात. उच्चार ठीक असतात. सवय नसते, एवढंच.

ज्यांना ही सवय आहे ते पटकन शिकतात, आणि ते कोण, हे बघून मला फार आनंद झाला. जत्रेच्या, काल्याच्या म्हणजे देवळातल्या उत्सवांच्या नाटकांत काम केलेली माणसं! वर्षभर काजूच्या बागेत नाहीतर खाणीच्या ट्रकवर काम करणारा माणूस देवळापुढच्या रंगमंचावर पानंच्या पानं मराठी बोलतो. त्याच्या तोंडात मराठी वाक्य शेवटपर्यंत टिकतं. मात्र माइकपुढे नटाचा आवाज चालत नाही, हेही त्यांनाच सांगावं लागतं. तिथे प्रॉम्प्टरसारखं बोलावं: विंगेत बसून, हातवारे न करता, अख्खं वाक्य सारख्या वेगाने. कुठलाही शब्द ताणायचा नाही.

अख्खं वाक्य का, तर हे यंत्र एकेक शब्द सुटा ऐकत नाही. ते आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे बारीक तुकडे करतं, त्यावरून अंदाज बांधतं आणि कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, हे बघून निवड करतं. 'दिन' आणि 'दीन' बोलताना सारखेच. शेजारचे शब्द मिळाले तरच ऱ्हस्व-दीर्घ नीट पडतं. म्हणून अडखळत चार-चार शब्द टाकले की चुका वाढतात. मी आधी वाक्य मनात पुरतं जुळवते, मग माइक दाबते. जुळवताना वेळ लागला तर लागू दे. मध्ये गप्प बसलं तर फोनवरचा माइक आपोआप बंद होतो.

याच कारणाने आपल्या गावांची नावं मार खातात. यंत्राला जे शब्द जास्त भेटले, तेच त्याला आधी सुचतात. केपें म्हटलं की माझा फोन कॅफे लिहितो, म्हार्दोळचे दोन तुकडे करतो. हे मला मनापासून खटकतं. आपल्या देवळाचं, वाड्याचं नाव कागदावर चुकीचं जाता कामा नये. मी नावं बोलतच नाही, जागा सोडते आणि मागाहून हाताने घालते. जीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत नाव आणि त्याचं दोन अक्षरांचं छोटं रूप घालून ठेवता येतं; तेवढं टाइप केलं की नाव समोर येतं. विरामचिन्हंही माझ्या फोनवर मराठीत हातानेच घालावी लागतात.

भाषा बिघडते का? माझं मत उलट आहे. शेजारच्या एका मुलाला दिव्याबद्दल अर्ज हवा होता. त्याने जुना नमुना आणला होता, त्यात 'उपरोक्त विषयान्वये सदर प्रकरणी' वगैरे. मी म्हटलं, हे बाजूला ठेव आणि काय झालंय ते सांग. तो बोलला, फोनवर उमटलं: 'आमच्या वाड्यावरच्या खांबाचा दिवा पेटत नाही देवळाकडून शाळेकडे जाणारी वाट काळोखी असते मुलं शिकवणीहून त्याच वाटेने परत येतात दिवा लवकर दुरुस्त करावा'. चार पूर्णविराम घातले, वर पत्ता, खाली सही, अर्ज तयार. त्या नमुन्यातली वाक्यं तोंडातून निघतच नाहीत, म्हणून ती गळून पडली. बोलून लिहिण्यात एक दोष मात्र आहे. 'मग', 'आणि', 'तर' यांनी वाक्य लांबत जातं. म्हणून लिहून झाल्यावर मी एकदा मोठ्याने वाचते आणि जिथे दम लागेल तिथे तोडते. इतिवृत्ताला 'ठरलं' नको, 'ठरले' हवं असतं. ते बोलतानाच तसं बोलायचं.

आमच्या शेजारच्या माई पोर्तुगीज अमलात देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या उतरायच्या जागेत, मराठी शिकल्या. पोथी अजून वाचतात. पुण्यातला नातू त्यांना मराठीतच मेसेज पाठवायचा, पण इंग्रजी अक्षरांत, आणि ती अक्षरं माईंना वाचता येत नाहीत. "म्हाका उलोवंक येता, बरोवंक बोटां चलनात," त्या म्हणाल्या, म्हणजे बोलता येतं, पण लिहायला बोटं चालत नाहीत. मी फोनवर मराठी घालून दिली. त्यांनी मान ताठ करून सांगितलं, 'बाळा, पावसाने ओसरीवर पाणी आलं, पण घर ठीक आहे.' अक्षरं उमटली तशी त्यांनी ती बोट फिरवत वाचली, पुन्हा वाचली, आणि मगच पाठवू दिली. आता नातूही बोलूनच उत्तर धाडतो, त्यामुळे ते देवनागरीत येतं आणि माई स्वतः वाचतात. नुसत्या या एका गोष्टीसाठीसुद्धा मी ही सोय घरोघरी शिकवीन.

दोन गोष्टी सांभाळा. माझ्या फोनला मराठी ऐकायला नेट लागतं, म्हणजे आवाज कंपनीच्या यंत्राकडे जातो. आधार क्रमांक, बँकेचा तपशील, कोणाच्या घरातली खासगी गोष्ट बोलून लिहू नका. ते हातानेच घाला. आणि वेळ बघून बसा. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना किंवा पोदेर (पाववाला) हॉर्न वाजवत दारात आलेला असताना नीट उतरत नाही. मी दुपारी जेवणानंतर, पंखा बंद करून बसते.

कोणाला शिकायचं असेल तर फोन घेऊन वाचनालयात या. येताना आपल्या वाड्याचं, देवळाचं नाव आणि घरच्या माणसांची नावं कागदावर नीट लिहून आणा. ती आधी डिक्शनरीत घालू, मग बोलायला बसू.