मामा तलावाची नक्कल

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातल्या आमच्या गावात एक लहान सार्वजनिक वाचनालय आहे आणि काही वर्षांपासून मी त्याचा मानद सचिव आहे. गावाचा इतिहास गावकऱ्यांसमोर मांडणारा एखादा कार्यक्रम वाचनालयाने करावा, असा ठराव आम्ही जूनच्या बैठकीत केला. प्रत्यक्षात तो कार्यक्रम उभा राहायला सव्वा वर्षाहून अधिक काळ गेला आणि ठराव करताना मनात असलेले त्याचे रूप शेवटी फारसे उरले नाही.

पहिली चूक माझीच होती. कार्यक्रम म्हणजे व्याख्यान, हे आम्ही न बोलताच गृहीत धरले आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका प्राध्यापकांना गोंड राजवटीवर बोलण्यास बोलावले. भातरोवणीच्या ऐन दिवसांत धानपट्ट्यातल्या गावात सभा ठेवणाऱ्या माणसाला गाव कळते असे कोणी म्हणणार नाही. अकरा श्रोते आले, त्यांतले चार कार्यकारिणीचे होते. व्याख्यान मात्र चांगले झाले. जो जंगल साफ करून तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याची चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची पद्धत होती. अशा देणगीला तुकूम म्हणत आणि तुकूम नावाच्या वस्त्या चंद्रपूरकडे आजही आहेत, हे त्यांनी सविस्तर सांगितले. पावसामुळे आडोशाला म्हणून आत आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शेवटी विचारले, "मंग आपला तलाव कोनाचा?" प्राध्यापकांना त्याचे उत्तर देता आले नाही आणि आम्हालाही नाही. आमच्या कार्यक्रमाचा विषय खऱ्या अर्थाने तेव्हा ठरला.

आमचा तलाव मामा तलाव आहे. शाळेतली मुले त्याला आईच्या भावाशी जोडतात. खरे तर तो 'माजी मालगुजारी' या शब्दांचा संक्षेप आहे. मालगुजार म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा गावाचा मालक. मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तलाव जागेवरच राहिले, पण त्यांची मालकी, देखभाल आणि पाण्याचे नियम एका कागदावरून दुसऱ्या कागदावर सरकत गेले. मालगुजाराच्या काळात तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, दुरुस्त करण्यासाठी गावाने राबायचे आणि त्याबदल्यात पाणी घ्यायचे, असा रिवाज होता. तो मोडल्यावर पाळीवर बेशरमची झुडपे माजली आणि तलावाच्या पोटात गाळ साचत गेला. मालगुजारी गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही, कारण त्या रिवाजात वेठही होती. पण वेठीबरोबर देखभालही गेली, हे नाकारता येत नाही.

तलावावर कोणाचा कोणता हक्क होता हे जमीनमहसूल ठरवणाऱ्या जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत सापडेल, असे एका निवृत्त तलाठ्यांनी सुचवले. निस्तार पत्रकात गावकऱ्यांचे सरपण, चराई, पाणी यांसंबंधीचे हक्क लिहिलेले असतात, तर वाजिब-उल-अर्जमध्ये पाणी वळवण्याच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या रूढी नोंदवलेल्या असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये या दोन्ही नोंदींना अनुक्रमे कलम १६१ आणि कलम १६५ अन्वये स्थान आहे. ऑगस्टमध्ये या कागदांच्या नकलेचा, म्हणजे प्रतीचा, अर्ज केला. पहिल्या खेपेला 'कोणत्या सालचे' असे विचारून तो परत दिला गेला, दुसऱ्या खेपेला संबंधित लिपिक रजेवर होते आणि तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. तेव्हापासून मी प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घेतो, आणि जुन्या कागदांच्या मागे लागणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी. अखेर अभिलेख कक्षातील एका वयस्क कर्मचाऱ्याने स्वतः बस्ते सोडून दोन्ही कागद शोधून दिले. तोवर जानेवारी उजाडला होता.

नक्कल हाती आली म्हणजे काम झाले, असेही नव्हते. अक्षर बालबोध असले तरी भाषा फारसी वळणाची होती आणि काही ओळी वाळवीने खाल्लेल्या होत्या. त्याच तलाठ्यांबरोबर सलग पाच संध्याकाळी बसून आम्ही त्याचे आजच्या मराठीत वाचन तयार केले. जिथे शब्द लागला नाही तिथे जागा रिकामी ठेवली. अंदाजाने भरलेला एकच शब्द पुढे मोठ्या वादाला निमित्त होऊ शकतो, याची आम्हाला कल्पना होती.

वाद तरीही झालाच. फेब्रुवारीत मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात आम्ही कागद मोठ्याने वाचला, तेव्हा दीडशेच्या वर माणसे आली होती. आमच्या भागातले बहुतेक जुने तलाव कोहळी समाजाच्या कसबाने उभे राहिले, हे सर्वमान्य आहे आणि आमच्या गावातील कोहळी घराण्यांना त्याचा रास्त अभिमान आहे. पण मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या मोहल्ल्यातील एक आजी उठून म्हणाल्या की, पाळीची माती वाहणाऱ्या बायकांची नावे कागदात नाहीत, आणि देवधान (तलावात आपोआप उगवणारा रानटी भात), शिंगाडे, कमळाचे कंद कोण काढत होते हेही नाही. थोडी खडाजंगी झाली. आम्ही निर्णय असा घेतला की, प्रदर्शनाच्या फलकावर तीन रकाने करायचे: कागद काय सांगतो, कोहळी घराणी काय सांगतात, ढीवर मोहल्ला काय सांगतो. कोणताही रकाना दुसऱ्याला खोटे पाडण्यासाठी वापरायचा नाही. काहींना हा पळपुटेपणा वाटला. मला अजूनही तो योग्य वाटतो.

मे महिन्यात पाणी उतरल्यावर सकाळी सहा वाजता पाळीवरून फेरी काढली. पूर्वी पाणकर, म्हणजे शेतांना पाणी वाटून देणारे, असलेले बाबाजी बरोबर होते. मी नक्कल उघडून वाचू लागताच ते म्हणाले, "कागद राहू द्या बापू, पानी कोठून कोठं जाते ते मले पुसा." आणि कोणत्या बांधीला (धानाच्या वाफ्याला) आधी पाणी, शेवटच्या बांधीपर्यंत ते कसे पोहोचवायचे, पाऊस कमी असला तर कोणाची पाळी पुढे ढकलायची, हे सारे त्यांनी त्या त्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभे राहून सांगितले. शाळेच्या दोन मुलांनी ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आणि एका मुलीने वहीत नकाशा काढला. माझ्या मते सगळ्या खटाटोपातील सर्वांत मोलाची गोष्ट ती वही आहे.

प्रदर्शन दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी मांडले. त्या दिवशी पाहुणेरावळे येतात आणि रात्री दंडार हा लोकनाट्याचा खेळ किंवा नाटक असते, त्यामुळे माणसे वेगळी बोलवावी लागत नाहीत. घरोघरून आलेली मापे, मासे धरण्याची साधने, जुन्या पावत्या यांची नोंदवही ठेवून प्रत्येक वस्तूची सहीनिशी पावती दिली होती. तरीही धान्य मोजण्याची एक पायली संध्याकाळी सापडेना आणि ती दुसऱ्या दिवशी चहाच्या ठेल्यावर साखर भरलेली मिळाली. खर्च मंडप आणि फलकांचाच झाला. तो वर्गणीतून भागवला, कारण आमच्या ड वर्ग वाचनालयाचे अनुदान पुस्तके, वर्तमानपत्रे आणि सेवकाचे मानधन यांतच संपते.

फलक आता वाचनालयाच्या भिंतीवर आहेत. गेल्या आठवड्यात बाबाजी काठी टेकत आले, मुलीच्या नकाशाची मोठी प्रत बराच वेळ पाहिली आणि एका पाटाचे वळण उलट्या बाजूला काढले आहे, असे त्यांनी दाखवून दिले. ती मुलगी आता साकोलीला शिकते. रविवारी ती आली की दोघांना घेऊन पुन्हा पाळीवर जायचे आहे.