आजीचा रोल धुवायला लॅब शोधली – माझा अनुभव

कपाट आवरताना पप्पांचा जुना याशिका कॅमेरा सापडला, काउंटर 22 वर, म्हणजे रोल आतच. पप्पा म्हणले अगं त्यात आजी असेल, गच्चीवर कुरडया घालतानाची. आजीला जाऊन 14 वर्षं झाली.

मागचं झाकण उघडलंच नाही, उजेड लागला की संपलं. खालचं बटण दाबून हँडल हळूहळू फिरवत रोल गुंडाळला, शेवटी हँडल एकदम हलकं झालं तेव्हा जीवात जीव आला. डबीवर सी-41 छापलेलं, म्हणजे कलरच्या केमिकलमध्ये धुवायचा रोल. हे आधी बघाच, कारण साधा ब्लॅक अँड व्हाईट रोल चुकून कलरच्या केमिकलमध्ये गेला तर त्यातली चांदीच निघून जाते आणि हातात कोरी पट्टी येते.

मग साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत स्टुडिओ विचारत फिरले. एक काका म्हणले, "पोरी, मशीन कधीच काढलं, रोलच येत नाहीत तर केमिकल ठेवून खराबच होणार की." दुसरीकडं "ठेवून जा, पाठवतो" म्हणले पण कुठं पाठवणार ते सांगेनात, मग नाही दिला.

म्हणलं आधी साध्या रोलवर बघू. त्याच कॅमेऱ्यात नवीन 36 चा रोल घालून साताऱ्यातल्याच 'चार भिंती' या ठिकाणी जाऊन फोटो काढले आणि एका स्वस्तातल्या लॅबला कुरिअर केला. मोबाईलवर स्कॅन बरे वाटले, पण निगेटिव्ह खिडकीसमोर धरली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ ओरखडा, दोन ठिकाणी कात्री फोटोच्या मधूनच गेलेली, आणि सगळं रबर लावून गुंडाळलेलं. ओरखडा कॅमेऱ्यामुळं पण पडतो, म्हणून अजून एक रोल काढून पुण्यातल्या दुसऱ्या लॅबला पाठवला. तो स्वच्छ आला, सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कव्हरमध्ये घालून. म्हणजे कॅमेरा ठीक होता.

आजीच्या रोलसाठी याच लॅबला फोन केला तर तिथल्या दादांनीच मला प्रश्न विचारले, रोल किती जुना, कुठं ठेवला होता, ओल लागलीय का. म्हणले रंग बदललेले असणार, पण 38 डिग्रीला सव्वातीन मिनिटं नेहमीसारखंच धुवू, जास्त वेळ ठेवला तर धुरकटपणा अजून वाढेल. तिथंच माझं ठरलं.

22 पैकी 9 आले. दाणेदार, सगळ्यावर जांभळट झाक. एकात आजी खाली बसलीय, पदर खोचलेला, दोन्ही हातांनी सोऱ्या दाबतीय, पुढं प्लास्टिकच्या कागदावर ओल्या कुरडयांची रांग. 4 बाय 6 च्या दोन कॉप्या काढल्या, मॅट कागदावर, एक कलर आणि एक ब्लॅक अँड व्हाईट. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये चेहरा फार छान उठून आला.

पप्पा बराच वेळ तीच घेऊन बसले, मग म्हणले अजून एक काढ, आत्याला द्यायची.