डिक्की भरताना एकच विचारा, ब्रेक मारला तर हे कुठं जाईल?

एप्रिल-मे आला की गावाकडून निघालेल्या गाड्या बघा. मागून पार टेकलेल्या, मागच्या काचेत ज्वारीचा कट्टा, त्याच्यावर वाकळ, वाकळीवर कुरडयांचा डबा, मागच्या सीटवर तीन-चार माणसं आणि कुणाच्या तरी मांडीवर लोणच्याची बरणी. वर्षाचं धान्य, तुरीची डाळ, घाण्यावरचं करडीचं तेल, वाळवण, केसर आंब्याच्या पेट्या, हे गावाकडूनच यायला पाहिजे, त्यात काही वाद नाही, मीही आणतो आणि आणत राहणार. माय पहाटेपासून एकेक पिशवी बांधून ठेवते, तिला नको म्हणायचं कसं. पण डिक्की भरताना आपण सगळे फक्त एवढंच बघतो की सामान बसतंय का आणि झाकण लागतंय का, झाकण लागलं की निघालो. बघायचं असतं ते वेगळंच. गाडी एकदम थांबली तर ह्यातलं काय कुठं जाऊन आदळेल?

गाडी थांबते, आतलं सामान थांबत नाही. ते ज्या स्पीडनं चाललंय त्याच स्पीडनं पुढं जातं, जोपर्यंत त्याला कुणी अडवत नाही, आणि अडवणारं म्हणजे सीट नाहीतर माणसाचं डोकं. ८० च्या स्पीडला सुटलेली वस्तू जो मार देते तो २५ मीटर वरून, म्हणजे आठ मजली इमारतीवरून पडल्यावर बसेल तेवढा असतो. ५० च्या स्पीडला गाडी समोर धडकली तर आतली प्रत्येक वस्तू साधारण तिच्या वजनाच्या वीसपट जोरानं पुढं रेटते, कधी त्याहून जास्त. १५ किलोचा तेलाचा डबा म्हणजे तीन क्विंटल झाले. आता तो डबा मागच्या सीटच्या पाठीच्या वर ठेवलाय आणि खाली लेकरू झोपलंय, असं मी लई वेळा बघितलंय आणि दरवेळी पोटात गोळा येतो. त्यात स्पीड दुप्पट झाला की मार चौपट होतो, हे समृद्धी महामार्गावर जाणाऱ्यांनी तर डोक्यात पक्कंच ठेवावं, तिथं कारला १२० ची परवानगी आहे.

आधी वजनाचं बोलू, कारण तिथंच सगळी गडबड सुरू होते. गाडीच्या पुस्तकात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि सगळं धरून जास्तीत जास्त किती चालतं ते वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमची क्षमता, आणि त्या क्षमतेत माणसंही येतात, हे आपण विसरतो. समजा पुस्तकात रिकामी ८९० आणि भरलेली १३३५ किलो लिहिलंय, म्हणजे राहिले ४४५. पाच मोठी माणसं ६५ किलोच्या हिशेबानं ३२५ किलो, राहिले १२०. पन्नास किलोचे दोन कट्टे आणि एक तेलाचा डबा, झालं, संपलं. आंब्याच्या पेट्या आणि मोसंबीची गोणी ह्याच्यात बसतच नाही, डिक्कीत जागा असली तरी बसत नाही. नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर त्या टाकीचं वजनही ह्यातूनच जातं. म्हणून पाच माणसं असतील तर एक कट्टा ट्रॅव्हल्सनं नाहीतर एसटीच्या पार्सलनं पाठवायचा, त्यात कमीपणा काही नाही.

आता भरायचं कसं. माझी पद्धत अशी की निघायच्या दिवशी सकाळी सगळं सामान आधी ओसरीवर काढून ठेवायचं, एकही पिशवी थेट डिक्कीत टाकायची नाही, कारण जे आधी हाताला येतं ते तळाला जातं आणि घरात आधी हाताला येतात त्या हलक्या पिशव्या. मग डिक्कीतून जॅक, पाना आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण बाहेर काढून ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली घट्ट बसवायचा, नाहीतर वाटूर फाट्याजवळ रात्री पंक्चर झालं तर आधी दोन क्विंटल सामान रस्त्यावर उतरवावं लागतं. स्टेपनीत हवा आहे का तेही तेव्हाच बघायचं.

तळाला बारदाना अंथरायचा, त्याच्यामुळं सामान घसरत नाही. मग धान्य. पन्नासचा एक कट्टा करण्यापेक्षा पंचवीस-तीस किलोची दोन पोती करायला सांगा, उचलणाऱ्याची कंबरही वाचते आणि ती आडवी, सपाट बसतात. उभी पोती नकोत, पहिल्याच वळणावर ती कलंडतात. ही पोती मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटून, मधे बोटभर फट न ठेवता. फट असली की ब्रेक लागल्यावर पोतं आधी त्या फटीत वेग घेतं आणि मग पाठीवर आदळतं, चिकटून असलं तर नुसतं दाबतं. सीटची पाठ नीट लॉक झाली आहे का हे हातानं ओढून बघायचं, विशेषतः साठ-चाळीस अशी अर्धी दुमडणारी सीट असेल तर. बऱ्याच गाड्यांत त्या लॉकपाशी लाल खूण असते, ती दिसली म्हणजे लॉक लागलेलं नाही. आणि एक गोष्ट फारच कमी लोक करतात, मागच्या सीटवर कुणी बसणार नसेल तरी मागचे बेल्ट लावून ठेवायचे, सामानाचा धक्का आला तर सीटच्या पाठीला तेवढाच आधार होतो.

तेलाचे डबे उभे, दोन पोत्यांच्या बेचक्यात. डाळीच्या पिशव्या त्यांच्या बाजूनं ठासून. कपड्यांच्या बॅगा, वाकळ, पापडांचे डबे हे सगळं वर आणि मागं झाकणाकडं. जिथं पोकळी राहील तिथं वाकळ कोंबायची. सगळं भरून झालं की उंची सीटच्या पाठीच्या वर जाता कामा नये, ही एक रेघ मी कधीच ओलांडत नाही, कुणी किती का आग्रह करेना. आरशात मागचा रस्ता दिसला पाहिजे हे एक कारण आहेच, पण खरं कारण हे की पाठीच्या वरच्या सामानाला अडवायला काहीच नसतं. डिक्की झाकायला मागच्या काचेखाली असतं ते पार्सल ट्रेचं फळकूटसुद्धा सामान ठेवायला नसतंच, त्याच्यावर टिफिन, छत्री, स्पीकर काहीच नको.

अर्टिगासारख्या सात सीटच्या गाडीत तिसरी रांग पाडली की मोकळं मैदान मिळतं आणि माणूस छतापर्यंत भरत जातो. तिथं नुसतं रचून भागत नाही, बांधायलाच पाहिजे. डिक्कीत कडेला हुक असतात, त्यात रॅचेटचा पट्टा, म्हणजे दांडी मागं-पुढं करून घट्ट होतो तो, अडकवून आडवा-तिरपा आवळायचा. ती रबरी हुकाची दोरी जड सामानाला कामाची नाही, ती ताणते, आणि सुटली तर हुक डोळ्यात जातो. सुतळीही नको. आणि मागं जागा आहे म्हणून पोरं सामानावर बसवायची, हे गावातल्या गावात, शेतापर्यंतसुद्धा करू नका.

बेल्टचा विषय निघालाच आहे तर, मराठवाड्यातल्या माणसाला ह्याच्यात वेगळं सांगायची गरज पडू नये. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथराव मुंडे साहेबांच्या गाडीचा अपघात झाला, ते मागच्या सीटवर बसले होते. आपल्याकडं कितीतरी घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. आणि तरी आजही मागं बसलेला माणूस म्हणतो, "मला कशाला बेल्ट, मी मागं बसायलोय ना." मागच्यालाही बेल्ट कायद्यानं लागतोच, न लावला तर हजार रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा, मागं दीड क्विंटल धान्य भरून तुम्ही त्याच्यापुढं बसलात तर बेल्ट तुम्हाला पहिल्यांदा पाहिजे.

मांडीवरची बरणी खाली उतरवा. पुढच्या सीटच्या मागं पाय ठेवायची जी जागा असते, तिथं जड पण छोट्या वस्तू छान बसतात, पुढून सीट आणि मागून सीट दोन्हीकडून अडकतात. बरणी, खलबत्ता, तुपाची किटली तिथं. पाण्याचा वीस लिटरचा जार मागच्या सीटवर सोडून जाणारे तर इतके दिसतात, तो वीस किलोचा मोकळा दगड आहे, त्याला पायाशी ठेवा नाहीतर सीटवर ठेवून बेल्टनं आवळा. ड्रायव्हरच्या पायाजवळ मात्र काहीच नको, एक बाटलीसुद्धा नको. बाटली घरंगळत ब्रेकच्या पायडलखाली गेली की पायडल दबतच नाही, आणि हे कळतं ते नेमकं ब्रेक मारताना. डॅशबोर्डवर देवाची मूर्ती असू द्या, पण एअरबॅगच्या झाकणावर नको, आणि जड पितळी तर नकोच, एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते आणि समोर जे असेल ते तोंडावर फेकते.

आता जे सांगतोय ते नीट वाचा, कारण ह्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. धान्याला कीड लागू नये म्हणून पोत्यात गोळ्या टाकायची पद्धत आपल्याकडं घरोघरी आहे. सल्फास म्हणून ज्या मिळतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो, लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, आणि त्या विषावर उतारा नाही. गावात पोत्यात गोळ्या टाकायच्या, पोतं डिक्कीत टाकायचं, काचा बंद, एसी चालू, आणि पाच-सहा तास प्रवास. हॅचबॅकमध्ये, म्हणजे मागं वेगळी डिक्की बाहेर न आलेल्या छोट्या गाडीत, डिक्की आणि बसायची जागा ह्यांच्यात हवा अडवणारं काहीच नसतं, तो वायू सरळ लेकरांच्या नाकात. डोकं दुखणं, मळमळ, उलट्या, छातीत दडपण, ही त्याची लक्षणं. आणि आपण काय म्हणतो, "लेकराला गाडी लागली, लिंबू द्या हुंगायला."

ह्या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच, त्यांच्या विक्रीवर आणि वापरावर कायद्यानं निर्बंध आहेत, तरी हातोहात मिळतात. म्हणून पोतं गाडीत टाकायच्या आधी माय असो, आत्या असो, चुलता असो, तोंडावर विचारायचं, "ह्यात गोळ्या टाकल्यात का?" टाकल्या असतील तर ते पोतं गाडीत घ्यायचं नाही, कितीही वाईट दिसलं तरी नाही. वाटेत तसला वास आला किंवा दोघा-तिघांना एकदम मळमळायला लागलं तर गाडी कडेला घ्या, सगळ्यांना बाहेर काढा, चारही दारं उघडा आणि १०८ ला फोन करा नाहीतर जवळचं हॉस्पिटल गाठा, डॉक्टरला गोळ्यांचं स्पष्ट सांगा. धान्य टिकवायला आपलं कडक ऊन आहे की. दोन-तीन दिवस खडखडीत वाळवायचं, रात्री गार होऊ द्यायचं, कडुलिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवायचं.

फवारणीचं औषधही तसंच. कृषी केंद्रातून औषधाच्या बाटल्या घेतल्या आणि त्याच डिक्कीत भाजीपाला, असं होता कामा नये, झाकण थोडं जरी पाझरलं तरी ते बारदान्यात मुरतं आणि पुढच्या खेपेला त्याच बारदान्यावर ज्वारी येते. घरगुती गॅसचं सिलिंडरही डिक्कीत नको. आत १४.२ किलो गॅस असतो आणि तो हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठून राहतो. सीएनजीची गाडी असेल तर टाकीवर जड किंवा टोकदार काही ठेवू नका आणि तिच्या व्हॉल्व्हपाशी हात जाईल एवढी जागा मोकळी सोडा.

टपावरच्या कॅरिअरबद्दल थोडक्यात. त्याची मर्यादा पुस्तकात लिहिलेली असते, ती आपल्याला वाटते त्यापेक्षा लईच कमी असते आणि कॅरिअरचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं असतं. वर गाद्या, रिकामे ड्रम, कपडे जाऊ द्या, धान्य कधीच नको. वर वजन चढलं की गाडी वळणावर झोलते, मांजरसुंब्याच्या घाटात तर ते लगेच हाताला कळतं.

निघायच्या आधी हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसतो, त्याच्यावर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, मागच्या टायरला बहुतेक जास्त. तेवढी भरायची, टायर गार असताना. दुपारी वाटेत मोजली तर आकडा जास्त दिसणारच, तेव्हा हवा सोडायची नाही. बेचाळीस डिग्रीत, कमी हवेवर, जादा वजन घेऊन सिमेंटच्या रोडवर पळवलं की टायर तापतो आणि फुटतो. भरलेली गाडी थांबायलाही जास्त अंतर घेते, म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा लांब राहा, आणि गावागावातल्या विनापट्ट्याच्या गतिरोधकावर पार हळू, नाहीतर खालून घासतं.

रात्री निघणार असाल तर स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ किंवा ० ते ५ आकड्यांची एक छोटी चकती असते ती बघा, सगळ्या गाड्यांना नसते पण बऱ्याच गाड्यांना आहे. मागं वजन आलं की पुढचे दिवे वर उचलतात, समोरच्याच्या डोळ्यात जातात आणि आपल्याला मात्र जवळचा रस्ता दिसत नाही. ती चकती वरच्या आकड्याकडं फिरवली की झोत खाली येतो. उसाच्या सीझनमध्ये मागं लाल दिवा नसलेली ट्रॉली पुढं चाललेली असते, तेव्हा जवळचा रस्ता दिसणं लई मोलाचं असतं.

घरी पोचल्यावर डिक्कीचं झाकण एकदम वर उचलू नका, आधी चार बोटं उघडा, आत हात घालून काही टेकलंय का बघा, वाटेत सामान सरकलेलं असतं आणि पहिला डबा पायावर येतो. उतरवून झालं की चकती परत शून्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी टायरची हवा पुन्हा रोजच्या आकड्यावर, आणि जॅक-पाना आपल्या जागी. बारदाना मात्र झटकून उन्हात टाका.